शेंगांची टरफले, केळीची साल आणि नाल्यातले विष



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, आणि शेण कालवले की ते शुद्ध होते, असे मानणारी ती समजूत होती. त्या इतिहासातून आरोग्याच्या पानाने घ्यायचा धडा असा, की पाणी शुद्ध आहे की अशुद्ध हे जात ठरवू शकत नाही आणि मंत्रही ठरवू शकत नाही. ते तपासणीने ठरते.

आज तळ्यावर आपल्याला कोणी अडवत नाही. पण जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत आपल्या किती वस्त्या नाल्याच्या काठाला, रेल्वे रुळाच्या कडेला, एमआयडीसीच्या पाठीमागे आहेत ते पाहा. जिथे दुसरे कोणी राहायला तयार नव्हते तिथे आपले आजे-पणजे वसले. त्या नाल्यात काय वाहते याचा पहिला संबंध आपल्या अंगणाशी येतो.

नाल्यातली घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. पण त्यात एक गोष्ट अशी असते जी दिसत नाही, वास येत नाही आणि उकळूनही जात नाही. ती म्हणजे जड धातू. शेतात उरणाऱ्या टाकाऊ मालाने, म्हणजे शेंगांच्या टरफलाने, केळीच्या सालीने, उसाच्या चिपाडाने, हे धातू सांडपाण्यातून काढता येतात असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. हा सगळा माल खानदेशात ढिगाने आहे. हे काम कसे चालते, कुठवर आले आहे, आणि त्यातून आपल्या वस्तीने काय घ्यावे व काय घेऊ नये, ते आम्ही या लेखात मांडत आहोत.

हे धातू येतात कुठून?

शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा ही आपल्याला सांभाळायची मुख्य नावे. तांबे आणि जस्त शरीराला थोडे लागतात, पण जास्त झाले की तेही बाधतात. आर्सेनिक हा खरे तर पूर्ण धातू नाही, पण त्याचा हिशोब याच यादीत करतात.

जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसे बाहेर पडते. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, रिक्षा यांच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब असते. नळ, सायकलचे सुटे भाग, लोखंडी फर्निचर यांना निकेल-क्रोमचे पाणी चढवतात. त्या वस्तू शेवटी ज्या पाण्यात धुतात, त्या धुवणात निकेल आणि क्रोमियम उतरते. प्लॅस्टिकला पिवळा, नारिंगी, लाल रंग देणाऱ्या काही जुन्या रंगद्रव्यांत शिसे, क्रोमियम आणि कॅडमियम असते. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाचे क्षार मिसळण्याची पद्धत देशभर होती. ती बंद व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये खास नियम काढले.

जळगावची ओळख सोन्याच्या बाजाराने आहे. ‘केडीएम’ हा शब्द आपण दागिन्यांच्या दुकानात ऐकलेला असतो. सोन्याला डाख देताना त्यात कॅडमियम मिसळायचे, त्यावरून हे नाव पडले. दागिना घालणाऱ्यापेक्षा डाख देणाऱ्या कारागिराला त्याचा धोका कितीतरी जास्त, कारण कॅडमियमचा धूर थेट छातीत जातो. घडणावळीचे काम करणारे आपले तरुण अनेक ठिकाणी आहेत, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

शरीरात गेल्यावर काय होते?

जंतूंनी दूषित झालेले पाणी प्यायले तर दोन दिवसांत जुलाब लागतात आणि माणूस दवाखान्यात जातो. धातूंचे तसे नाही. ते वर्षानुवर्षे थोडे थोडे साठतात आणि माणसाला दुसऱ्याच नावाने आजारी पाडतात.

शिसे लहान मुलांच्या मेंदूवर काम करते. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. शिशामुळे रक्तही कमी होते, पोटात कळा येतात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवते. बाई गरोदर राहिली की तेच शिसे हाडातून सुटून बाळापर्यंत पोहोचते. मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने अंदाज मांडला, की जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यातली २७ कोटींहून अधिक मुले भारतातली आहेत.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि पुढे हाडे ठिसूळ करते. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचे पाणी जिन्झू नदीत जात होते, त्या नदीवर भाताची शेती होत होती. तो भात खाणाऱ्या लोकांची, विशेषतः वय झालेल्या बायांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या वेदनेने ‘इटाई, इटाई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून ओरडत. रोगाचे नावच ‘इटाई-इटाई’ पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला रोग म्हणून मान्य केला. तोवर पिढी गेली होती.

षट्संयुजी क्रोमियम म्हणजे पाणी चढवण्याच्या हौदातले पिवळे-नारिंगी द्रावण. त्याने हातावर खोल जखमा होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते, आणि वर्षानुवर्षे त्याची वाफ घेणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो. निकेलने त्वचेला खाज आणि चट्टे येतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये मर्यादा ठरवून दिल्या आहेत. एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२ मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त असू नये. आता कारखान्यांनी नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा पाहा: शिसे ०.१, निकेल ३, कॅडमियम २ मिलिग्रॅम. म्हणजे कायदा पाळून सोडलेल्या पाण्यातही पिण्याच्या मर्यादेच्या १० पट शिसे आणि १५० पट निकेल असू शकते. नदीत ते पातळ होईल हे त्यामागचे गृहीत आहे. पण ज्या नाल्यात उन्हाळ्यात कारखान्याचे आणि गटाराचे पाणी सोडून दुसरे पाणीच नसते, तिथे पातळ कशाने होणार? आणि त्याच पाण्यावर मेथी-पालक पिकवून बाजारात आणली, तर धातूला आपल्या ताटात यायला रस्ता मिळतो.

टरफल धातूला कसे धरून ठेवते?

सांडपाण्यातून धातू काढायची नेहमीची पद्धत चुन्याची आहे. पाण्यात चुना टाकला की धातूचा गाळ तळाशी बसतो. धातू भरपूर असेल तेव्हा ही पद्धत चांगली चालते. पण शेवटचे थोडे मिलिग्रॅम पाण्यात राहून जातात. तेवढे काढायला कारखाने विशेष रेझिन किंवा सक्रिय कोळसा वापरतात, आणि तो खर्च लहान कारखानदाराला जड जातो. इथे शेतातला माल कामाला येतो.

भुईमुगाचे टरफल, केळीची साल, चिपाड, पऱ्हाटी, मक्याचे दाणे काढलेले कणीस, तांदळाचा तूस, या सगळ्यांची घडण सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन अशा पदार्थांची असते. या पदार्थांच्या अंगाला ऑक्सिजन असलेले बारीक बारीक ‘आकडे’ असतात. त्या आकड्यांवर आधी हायड्रोजन, कॅल्शियम, सोडियम बसलेले असते. शिशाचे किंवा तांब्याचे भारित कण जवळ आले की ते या जुन्या बिऱ्हाडकरूंना उठवून स्वतः जागा घेतात. पाणी पुढे जाते, धातू मागे अडकतो. स्पंज पाणी पितो तसे हे नाही. धातू टरफलाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. म्हणून टरफल जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि तितका धातू जास्त धरला जातो.

पाणी किती आंबट आहे यावर सगळे अवलंबून असते. शिसे, तांबे, कॅडमियम यांना पीएच साधारण ४ ते ६ असताना टरफल चांगले धरते. पाणी फार आंबट असेल तर हायड्रोजनच सगळे आकडे अडवून बसतो. षट्संयुजी क्रोमियमचे उलटे आहे. त्याचा कण ऋणभारित असतो, म्हणून तो पीएच २ च्या आसपास, म्हणजे खूप आंबट पाण्यात जास्त धरला जातो. आणि टरफलाच्या संगतीत त्याचे बरेचसे रूपांतर कमी विषारी क्रोमियममध्ये होते. थोडक्यात, एकच टरफल एकाच वेळी सगळे धातू काढत नाही. कोणते पाणी आहे ते आधी तपासावे लागते.

संशोधन कुठे झाले?

नव्वदच्या दशकात तामिळनाडूत कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठात पेरियासामी आणि नामसिवायम यांनी भुईमुगाच्या टरफलाचा कोळसा करून त्याने कॅडमियम, निकेल आणि तांबे काढून दाखवले. त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या पाण्यावर काम केलेच, शिवाय निकेलचे पाणी चढवणाऱ्या कारखान्याच्या खऱ्या सांडपाण्यावरही प्रयोग केले. २०११ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी केळीची साल वाळवून, बारीक करून नदीच्या पाण्यातून शिसे आणि तांबे ओढून घेतले. तीच साल ११ वेळा पुन्हा वापरता आली, असे त्यांनी नोंदवले.

ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यातल्या माणसाने ब्राझीलची ही बातमी लक्षात ठेवावी. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात केळीचा घड निघाल्यावर उभे खोड शेतात पडून राहते. वेफर्स करणाऱ्यांकडे सालीचे ढीग लागतात. धुळे-शिरपूरकडे कापूस, मका, भुईमूग आहे. जळगावच्या डाळमिलमधून फोलपट निघते. आपल्याच खानदेशात नंदुरबारच्या जी. टी. पाटील महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागातून अशा स्वस्त शोषकांवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आणि पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. माल इथे आहे, प्रयोगशाळा इथे आहे आणि दूषित पाणीही इथेच आहे.

एक हिशोब मांडून पाहू

समजा, पाणी चढवण्याचा एक लहान कारखाना रोज १,००० लिटर धुवणाचे पाणी सोडतो आणि त्यात लिटरला २० मिलिग्रॅम निकेल आहे. म्हणजे रोज २० ग्रॅम निकेल. एक ग्रॅम टरफल साधारण १० मिलिग्रॅम निकेल धरते असे मानले, तर रोज २ किलो टरफल लागेल. प्रत्यक्षात टरफल पूर्ण क्षमतेने काम करत नाही, म्हणून तिप्पट धरू: रोज ६ किलो. महिन्याचे २५ दिवस काम चालले तर १५० किलो. खानदेशातल्या कोणत्याही तेलघाणीच्या अंगणात एवढे टरफल एका कोपऱ्यात पडलेले असते.

ते तसेच टाकून मात्र चालत नाही. ते स्वच्छ धुवावे लागते, वाळवावे लागते, एकसारखे बारीक करून चाळावे लागते, कधी सौम्य आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते. मग उभ्या नळकांड्यात भरून त्यातून पाणी सावकाश सोडायचे. काही काळाने सगळे आकडे भरतात आणि धातू पुन्हा खालून बाहेर येऊ लागतो. तो क्षण ओळखण्यासाठी बाहेर पडणारे पाणी नेमाने तपासत राहावे लागते. भरलेले टरफल सौम्य आम्लाने धुतले तर धातू थोड्याशा द्रावणात परत मिळतो आणि टरफल पुन्हा वापरता येते.

इतके सोपे आहे तर सगळीकडे का दिसत नाही, असे कोणीही विचारेल. कच्च्या टरफलातून पाण्यात रंग आणि सेंद्रिय घाण उतरते. ते कुजते, फुगते, नळकांडे तुंबवते. प्रयोगशाळेतल्या पाण्यात एकच धातू असतो, कारखान्याच्या पाण्यात साबण, तेल, क्षार आणि चार धातू एकत्र असतात. म्हणून शोधनिबंध ढिगाने आहेत आणि प्रत्यक्षात चालणारे प्रकल्प मोजके. पण या अडचणी सोडवता येण्यासारख्या आहेत. ‘शुद्धीकरण परवडत नाही’ ही सबब मात्र या संशोधनाने कमजोर केली आहे.

घरात हा प्रयोग करू नका

माठात केळीची साल टाका, पाणी शुद्ध होते, असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. कृपया असे करू नका. घरात साल टाकली तर पाण्याचा पीएच, वेळ, सालीची मात्रा यांतले काहीच मोजलेले नसते. धातू निघाला की नाही हे चव घेऊन कळत नाही. साल कुजली की पाण्यात जंतू वाढतात आणि धातू काढायला गेलेले घर जुलाबाने आजारी पडते. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनीही ती साल लोकांनी घरातल्या पाण्यात टाकावी म्हणून प्रयोग केला नव्हता.

कालामांना तथागतांनी हीच शिकवण दिली. कोणी सांगितले, ऐकले, परंपरेने आले, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः तपासून, हिताचे आहे असे कळले तर स्वीकारा.

काही गोष्टी मनाशी पक्क्या ठेवा. उकळण्याने जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटले की लिटरमागे धातूचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा बसतो, क्लोरीनने जंतू मरतात, कापडाने कचरा अडतो. यांपैकी कशानेही पाण्यात विरघळलेले धातू भरवशाने निघत नाहीत. आरओ यंत्राने ते बऱ्याच प्रमाणात निघतात, पण त्याची जाळी वेळेवर बदलली तरच. सर्वांत चांगला उपाय म्हणजे पिण्यासाठी दुसरे, तपासलेले पाणी मिळवणे.

भरलेले टरफल उचलणार कोण?

या विषयावरच्या लिखाणात एक प्रश्न क्वचित विचारला जातो, तो आम्ही इथे विचारतो. धातू पाण्यातून गेला, पण नाहीसा झाला नाही. तो टरफलात आला. ते टरफल आता विषारी कचरा आहे. ते चुलीत घातले तर धातू धुरात आणि राखेत जातो. खत म्हणून शेतात टाकले तर पिकात येतो. नाल्याच्या काठावर फेकले तर पहिल्या पावसात परत पाण्यात. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा बंद पिंपात ठेवून, नोंद करून, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी यांसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवावा लागतो.

कागदावर हे ठीक आहे. पण हौद उपसायला, गाळ काढायला, पिंपे उचलायला कंत्राटदार कोणाला बोलावतो? आपल्याच वस्तीतल्या पोराला, हातमोजे न देता, रोजावर. तथागतांनी उपासकाने करू नयेत असे जे व्यापार सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. विष दुसऱ्याच्या हातांनी उचलून घेणे हा त्याचाच एक प्रकार आहे असे आम्हांला वाटते. हातमोजे, गमबूट, मास्क, साबण आणि धुण्याची जागा मिळाल्याशिवाय असे काम घेऊ नका. संरक्षक साधने न देता गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरायला लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट चुलीची. शहरातले लोक ज्याला शेतीचा कचरा म्हणतात, तो आपल्या गावाकडच्या माय-माउलीसाठी कचरा नसतो. पऱ्हाटीच्या काड्यांवर अनेक घरांत अजून भाकरी भाजली जाते. टरफल वीटभट्टीला आणि बॉयलरला विकले जाते. उद्या कारखाने हा माल विकत घेऊ लागले तर भाव वाढेल. तेव्हा सरपण गोळा करणाऱ्या बायांच्या बचत गटांनी तो माल गोळा करून, धुऊन, वाळवून विकण्याचे काम हाती घ्यावे. हे काम धातू लागण्यापूर्वीचे आहे, त्यात विष नाही. मात्र वापरलेले टरफल कोणी स्वस्तात ‘जळण’ म्हणून देऊ लागला तर ते घरात आणू नका.

आपल्या हातात काय आहे?

भंगाराचे काम करणाऱ्या घरांनी बॅटरी घरात किंवा अंगणात फोडू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती अख्खीच द्या. तांब्यासाठी वायर जाळू नका. कामाचे कपडे बाहेर बदला, वेगळे धुवा, हात-तोंड साबणाने धुऊनच पोराला उचला. घर झाडताना आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही.

रसायनांचे निळे ड्रम आणि कॅन स्वस्तात मिळतात म्हणून पाणी साठवायला आणू नका. आत काय होते ते दहा वेळा धुऊनही कळत नाही.

नाल्याच्या पाण्यावर पिकलेली पालेभाजी शक्यतो टाळा. धुतल्याने वरची माती जाते, पण पानाच्या आत शिरलेला धातू जात नाही.

मुलांच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम असू द्या. शरीरात ही दोन कमी असली की शिसे जास्त शोषले जाते. बाजरी, नाचणी, तीळ, डाळी, स्वच्छ पाण्यावरच्या पालेभाज्या, दूध, अंडी, जे परवडेल ते नेमाने द्या. उपाशीपोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून मुलाला सकाळी खाऊ घालूनच बाहेर सोडा.

बॅटरी, भंगार, डाख किंवा पाणी चढवण्याचे काम घरात असेल आणि मुलाला वारंवार पोटदुखी, रक्त कमी, अभ्यासात अचानक मागे पडणे असे दिसले, तर डॉक्टरांना कामाची माहिती आपणहून सांगा. रक्तातील शिशाची तपासणी मागा. ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघाले तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे.

हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्या. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालये आहेत, सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेचा पत्ता तिथे मिळतो. अर्जात ‘शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल’ ही नावे स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत खारटपणा, क्षार, नायट्रेट, जंतू पाहतात. धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते.

नाल्याच्या पाण्याचा रंग बदलला, फेस आला, तिखट वास आला, तर तारीख, वेळ, जागा वहीत लिहून फोटो काढा. एकट्याने न जाता वस्तीच्या वतीने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपण बाटलीत भरलेला नमुना माहितीसाठी उपयोगी आहे, पण कारवाईसाठी मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नमुना घ्यावा लागतो. म्हणून ‘येऊन नमुना घ्या’ हीच मागणी लिहा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांत, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला विनाशुल्क, त्या भागातील कारखान्यांच्या संमतीपत्राची व तपासणी अहवालाची प्रत मागता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील खंडपीठ आहे.

आपली मुले-मुली आता रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, इंजिनीअरिंग शिकत आहेत. पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्यांना आमची विनंती आहे, की आपल्याच वस्तीमागच्या नाल्याचे पाणी आणि आपल्याच तालुक्याचे टरफल घ्या. शाळेतल्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत एक सोपा प्रयोग दाखवता येईल. मोरचुदाच्या अगदी पातळ द्रावणात अमोनियाचे थेंब टाकले की गडद निळा रंग येतो. तेच द्रावण आधी धुतलेल्या टरफलाच्या भुकटीसोबत तासभर ढवळून, गाळून घेतले आणि मग अमोनिया टाकला, तर रंग फिका पडतो. तांबे टरफलात राहिले, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. हे पाणी आणि भांडी स्वयंपाकघरात आणायची नाहीत.

१९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात. पुस्तकांच्या आणि प्रतिमांच्या दुकानांशेजारी तिथे पाण्याचा एक टेबल लागावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या वस्तीच्या तपासणीचा कागद कोणीही आणावा, समजून घ्यावा, तक्रारीचा अर्ज तिथेच लिहून न्यावा. त्याआधी प्रत्येक विहारात एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. वस्तीत कोणाचा काय धंदा आहे, पाणी कुठून येते, शेवटची तपासणी कधी झाली, हे तीन प्रश्न वहीत लिहा. तपासणीचा पहिला अर्ज त्याच बैठकीत तयार होऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!